नोटीस पिरियडमधली आजारी रजा आणि कमिशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजीनामा दिल्यावर नेमका नोटीसच्याच महिन्यात डेंग्यू होतो, स्लिप डिस्क निघते, नाहीतर घरातल्या कुणाचं ऑपरेशन ठरतं. विक्रीच्या नोकरीत अशा वेळी दोन्हीकडून टाच येते: रजेचे पैसे कापले जातात आणि 'आता तू चाललास' म्हणून कमिशनही अडकतं. पुढची उत्तरं महाराष्ट्रातल्या खासगी नोकरीतल्या सेल्स, रिकव्हरी, शोरूम, फार्मा, रिअल इस्टेट अशा क्षेत्रांतल्या लोकांसाठी आहेत. वाचताना नेमणूकपत्र, रजेचं धोरण आणि इन्सेंटिव्ह स्कीमचं पत्रक हे तीन कागद समोर घ्या. निम्म्या प्रश्नांचा निकाल त्यांतल्या एखाद्या वाक्यावर लागतो.

'नोटीसमध्ये रजा मिळत नाही' असं एचआर सांगतं. खरं आहे का?

अर्धंच. नोटीस पिरियड म्हणजे नोकरीच. शेवटच्या दिवसापर्यंत तुम्ही कंपनीचे कर्मचारी आहात आणि खात्यावर शिल्लक असलेली रजा राजीनामा दिल्यामुळे नाहीशी होत नाही. कंपनीला ठरवून घेतलेली रजा, म्हणजे गावाला जाणं किंवा सहल, नाकारता येते. कामाचं हस्तांतर व्हायचं असतं, त्यामुळे हे समजण्यासारखंही आहे. आजारपण मात्र परवानगी घेऊन येत नाही. एकशे तीन ताप असलेल्या माणसाला 'रजा नामंजूर' असं कळवून तो कामावर येऊ शकत नाही. तिथे खरा प्रश्न एवढाच उरतो, की त्या दिवसांचा पगार मिळणार की नाही आणि ते दिवस नोटीसमध्ये धरले जाणार की नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. एचआरशी बोलताना ते वेगळेच ठेवा, कारण बहुतेक घोळ ते एकत्र केल्यामुळे होतो.

कायद्याने आजारी रजा किती दिवस मिळते?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये 'आजारी रजा' असा वेगळा प्रकारच नाही. त्यात वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा म्हणजे सीएल आहे. ती दर तिमाहीला खात्यात जमा होते आणि वर्षअखेर संपते. त्याशिवाय वर्षात २४० दिवस काम झालं असेल, तर कामाच्या दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजा मिळते. ती जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. हा कायदा सुरुवातीला १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. २०२५ च्या दुरुस्तीने ही मर्यादा २० वर नेली.

म्हणून 'मला सात एसएल (आजारी रजा) आहेत' असं म्हणताना त्या सात दिवसांचा आधार कंपनीचं धोरण हा असतो. धोरणात 'नोटीसमध्ये एसएल देय नाही' असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तर एसएलसाठी भांडण्यात फार अर्थ नाही. त्याऐवजी सीएल आणि साठलेली पीएल म्हणजे भरपगारी रजा यांत आजारपण बसवून घ्या. धोरणात तसं काही लिहिलेलं नसेल, तर एसएल नाकारायला एचआरकडे आधार नाही. नेमकं कलम लेखी मागा.

तिमाही जमा होण्याचा एक तोटा लोकांच्या लक्षात येत नाही. फेब्रुवारीत आजारी पडलात, तर वर्षाच्या आठ सीएल नाही, पहिल्या तिमाहीच्या दोनच जमा असतात.

आजारी पडल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं?

पहिल्याच सकाळी मॅनेजर आणि एचआर दोघांना ईमेल करा. फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप जरूर करा, पण ईमेल हवाच. मजकूर तीन ओळींचा पुरे: आजपासून येऊ शकत नाही, डॉक्टरांना दाखवतोय, कोणती तातडीची कामं कुणाकडे दिली आहेत.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. 'बघू दोन दिवस' म्हणून थांबलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी मागच्या तारखेचं सर्टिफिकेट लागतं, आणि तिथेच केस कमकुवत होते. केसपेपरवर तपासणीची तारीख एक आणि सर्टिफिकेटवर विश्रांतीची सुरुवात दोन दिवस आधीची, ही विसंगती एचआर सगळ्यात आधी पकडतं. सर्टिफिकेटवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही-शिक्का, तपासणीची तारीख आणि विश्रांती 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' असं असावं. 'काही दिवस विश्रांती' याला किंमत नाही. मुदत वाढली तर जुनी संपायच्या आधी नवं घ्या. कामावर परतताना फिटनेस सर्टिफिकेट द्या आणि दिल्याची पोच ईमेलवर ठेवा.

या काळात सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये, लॉगिन करून फॉलोअप टाकत बसू नका. कळकळ कौतुकाची असली तरी नंतर हीच नोंद 'हा तर काम करत होता, आजारी कुठे होता' म्हणून समोर येते. आणि नव्या कंपनीचं ट्रेनिंग या दिवसांत अजिबात नको. ते गैरवर्तन ठरतं आणि खरं आजारपणही खोटं दिसायला लागतं.

माझा ईएसआय कापला जातो. मला काय मिळेल?

दरमहा ₹२१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना, आणि दिव्यांग असल्यास ₹२५,००० पर्यंत, ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा लागू होतो. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के आणि कंपनीकडून ३.२५ टक्के जमा होतात. आजारपणाचा लाभ सरासरी दैनिक पगाराच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. हे पैसे ईएसआयसी, म्हणजे या विम्याचं महामंडळ देतं, कंपनी नाही. त्यामुळे कंपनीकडे एसएल शिल्लक नसली तरी हा मार्ग उघडा असतो.

अट अशी, की संबंधित अंशदान कालावधीत (ईएसआयची वर्गणी भरण्याच्या सहा महिन्यांत) किमान ७८ दिवसांचं अंशदान भरलेलं हवं. एप्रिल ते सप्टेंबरच्या अंशदानावर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो, ऑक्टोबर ते मार्चच्या अंशदानावर जुलै ते डिसेंबरचा. म्हणून मे महिन्यात आजारी पडलात, तर मागच्या वर्षीच्या एप्रिल-सप्टेंबरमधले दिवस मोजा, चालू वर्षातले नाही. आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा भरून मिळत नाहीत. आधीच्या आजारपणानंतर १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर ही अट नाही.

सर्टिफिकेट ईएसआय दवाखान्याचं किंवा त्यांच्या पॅनेलवरच्या डॉक्टरांचं लागतं. बाहेरच्या खासगी डॉक्टरांच्या कागदावर दावा अडतो. पहिलं, मधलं आणि शेवटचं अशी सगळी सर्टिफिकेटं सांभाळा. शेवटचं घ्यायचं राहिलं की पैसे लटकतात, कारण तुम्ही कामायोग्य कधी झालात याची नोंदच नसते. ज्या दिवसांचा लाभ ईएसआयसीकडून घेतलात, त्या दिवसांचा पगार कंपनीकडूनही मागू नका.

रजा घेतली म्हणून नोटीस पिरियड वाढतो का?

वाढतो असं कोणताही कायदा म्हणत नाही. तुमचं नेमणूकपत्र म्हणू शकतं. 'नोटीस काळात घेतलेली रजा नोटीसमध्ये धरली जाणार नाही' असं वाक्य आहे का, ते आधी शोधा.

एक हिशेब जवळून पाहू. एकूण पगार ₹३६,०००, त्यात मूळ पगार ₹१८,०००. नोटीस १ ते ३० जून. मध्ये ८ दिवस आजारपण, खात्यावर ३ दिवस रजा. म्हणजे ५ दिवस बिनपगारी. पगारातून ₹६,००० कापले जातात, इथपर्यंत ठीक. मग जुलैत फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशेबाचा, कागद येतो आणि त्यात आणखी एक ओळ दिसते: 'नोटीस शॉर्टफॉल ८ दिवस, ₹९,६००', म्हणजे नोटीस ८ दिवस कमी भरली म्हणून वसुली. एकूण ₹१५,६०० गेले.

या दुसऱ्या ओळीबद्दल तीन गोष्टी तपासा.

पहिली: ती कोणत्या वाक्यावर उभी आहे? नोटीस वाढण्याची अट पत्रात नसेल, तर आजारपणाचे दिवस नोटीसमध्येच मोजले जातात आणि शॉर्टफॉल हा शब्दच लागू होत नाही. बिनपगारी ५ दिवसांची कपात झाली, विषय संपला.

दुसरी: अट असेल, तर कंपनीने तुम्हाला ८ जुलैपर्यंत थांबायची संधी दिली का? ३० जूनलाच रिलीव्ह करतो असं ईमेलवर मान्य केलं असेल, तर उरलेली नोटीस कंपनीने स्वतःच सोडली असा मुद्दा ठामपणे मांडता येतो. म्हणून आजारपणातून परतल्याच्या दिवशी एक ईमेल करा: 'माझा शेवटचा दिवस ३० जूनच धरायचा की बदलायचा, कृपया कळवा. थांबायची माझी तयारी आहे.' तयारी असेल तरच हे वाक्य लिहा. पण असेल तर नक्की लिहा, कारण पुढे हाच कागद उपयोगी पडतो. वाढीव दिवस काम केलंत, तर त्यांचा पगारही द्यावा लागतो.

तिसरी: दर कोणता? पत्रात 'मूळ पगार' लिहिला असेल तर ८ दिवसांचे ₹४,८०० होतात, ₹९,६०० नव्हे. पेरोलचं सॉफ्टवेअर अनेकदा सरसकट एकूण पगारावर हिशेब करतं आणि तो कुणी तपासत नाही.

बिनपगारी रजेचा दिवस कितीला पडतो?

भागाकार कशाने केला यावर. ₹३०,००० पगारात ६ दिवस बिनपगारी असतील, तर ३० ने भागल्यास ₹६,००० आणि २६ ने भागल्यास ₹६,९२३. गेल्या वर्षभरात कंपनीने जो भाजक वापरला तोच आता वापरायला हवा. जुन्या पेस्लिपवर एखादी बिनपगारी रजा असेल तर तिच्यावरून उलट हिशेब करून पाहा. मधला रविवारही रजेत धरला असेल, तर 'सँडविच' नियम धोरणात लिहिलेला आहे का ते विचारा.

आजारी असताना कंपनीने 'अ‍ॅब्स्कॉन्डिंग' ठरवलं तर?

हे फार वाईट पद्धतीने वापरलं जातं आणि पुढच्या नोकरीच्या पडताळणीत त्याचा त्रास होतो. 'अ‍ॅब्स्कॉन्डिंग' म्हणजे न सांगता गायब होणं. पहिल्या दिवसापासून ईमेल आणि सर्टिफिकेट पाठवलेला माणूस या व्याख्येत बसत नाही. कामावर हजर राहण्याचं पत्र आलं, तर त्याला उत्तर न देणं ही सगळ्यात मोठी चूक. त्याच दिवशी सर्टिफिकेट जोडून उत्तर द्या, आणि पत्र घरी पोस्टाने आलं असेल तर ईमेलसोबत स्पीड पोस्टनेही पाठवा.

ईएसआयच्या लाभार्थ्यांसाठी १९४८ च्या ईएसआय कायद्याचं कलम ७३ महत्त्वाचं होतं; २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ने घेतली, त्यामुळे आता काय लागू आहे ते ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारा. आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाने काढून टाकू नये, शिक्षा करू नये, आणि त्या काळात बजावलेली बडतर्फीची नोटीस ग्राह्य नाही, असं ते कलम सांगत होतं. हे मालकाने दिलेल्या नोटीसबद्दल होतं. तुम्ही स्वतः दिलेला राजीनामा त्याने थांबत नाही.

आजारपणामुळे नोटीस पूर्ण करताच आली नाही, तर कंपनी जबरदस्तीने काम करून घेऊ शकते?

नाही. वैयक्तिक सेवेच्या कराराची सक्तीने अंमलबजावणी करून घेता येत नाही, विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ मध्ये हे स्पष्ट आहे. कंपनी फार तर पैशाची भरपाई मागू शकते.

कमिशन नेमकं कधी 'कमावलं' जातं?

इथे थोडं थांबू, कारण सगळं भांडण याच एका क्षणाचं असतं. स्कीमच्या पत्रकात कमिशन चारपैकी एका टप्प्याला बांधलेलं असतं: ऑर्डर नोंदली तेव्हा, बिल झालं तेव्हा, माल पोचला किंवा रजिस्ट्रेशन झालं तेव्हा, किंवा पैसे वसूल झाले तेव्हा.

समजा, ग्राहकाने १० जूनला पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) दिला. १२ ते १९ जून तुम्ही आजारी. २५ ला बिल झालं. ३० ला तुमचा शेवटचा दिवस. ग्राहकाने ४५ दिवसांच्या मुदतीप्रमाणे ९ ऑगस्टला पैसे दिले. ऑर्डर किंवा बिलावर कमिशन असेल, तर ते जूनमध्येच तुमचं झालं. पैसे हातात कधी येतात हा नंतरचा भाग. वसुलीवर असेल, तर ९ ऑगस्टला तुम्ही नोकरीत नाही, आणि इथे पत्रक काय म्हणतं त्यावर सगळं ठरतं. काही पत्रकांत सोडून गेल्यानंतर ६० किंवा ९० दिवसांत आलेल्या वसुलीवर कमिशन मिळतं. काहींत उरलेलं काम पुढच्या माणसाने केल्यामुळे वाटणी असते. काहींत काहीच लिहिलेलं नसतं. लिहिलेलं नसेल, तर मागच्या वर्षी सोडून गेलेल्या सहकाऱ्यांना कंपनीने काय दिलं, ही प्रथा तुमच्या बाजूचा चांगला मुद्दा ठरते.

एक गोष्ट ठाम लक्षात ठेवा: १० जूनला मिळालेल्या ऑर्डरचं कमिशन १२ तारखेला आलेल्या तापामुळे कमी होत नाही. रजेचा हिशेब निश्चित पगाराशी, कमिशनचा हिशेब व्यवहाराशी. 'महिन्यात २२ दिवस हजर, म्हणून कमिशन २२ दिवसांपुरतं' असा हिशेब आला, तर तो कोणत्या नियमाने केला ते विचारा.

तुम्ही पगारी कर्मचारी नसून स्वतंत्र एजंट किंवा डीएसए (बँकांची कर्जं वगैरे विकणारा एजंट) असाल, तर चित्र वेगळं. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम २१९ नुसार, वेगळा करार नसेल तर एजंटचा मोबदला काम पूर्ण झाल्यावरच देय होतो. रजा, ईएसआय वगैरे काही लागू नाही.

'पेआउटच्या तारखेला रोल्सवर (नोकरीत) असायला हवं' अशी अट आहे. मग सगळं गेलं का?

कमिशन आणि इन्सेंटिव्ह यांत फरक करा. तिमाही किंवा वार्षिक इन्सेंटिव्ह, परफॉर्मन्स बोनस, स्पर्धेची बक्षिसं यांना अशी अट सर्रास असते आणि बहुधा टिकते. त्यात तुम्हाला टिकवून ठेवण्याचा हेतूही असतो. पण प्रत्येक विक्रीवर ठरलेल्या टक्क्याने मिळणारं कमिशन हे केलेल्या कामाचा मोबदला आहे. त्याला हीच अट लावली असेल, तर ती त्याच स्कीमच्या पत्रकात, तुम्ही स्वीकारलेल्या मजकुरात होती का ते पाहा. राजीनाम्यानंतर फिरवलेल्या सुधारित पत्रकातली अट आधी झालेल्या विक्रीला लागू करता येत नाही, असं लेखी कळवा.

राजीनाम्याची तारीख तुमच्या हातात असेल आणि आजारपण अजून आलेलं नसेल, तर तिमाहीचा पेआउट कधी होतो ते आधी बघा. जूनच्या तिमाहीचा पेआउट २५ जुलैला होत असेल, तर २० जुलैचा शेवटचा दिवस महागात पडतो.

मी आजारी असताना माझ्या ग्राहकाची ऑर्डर सहकाऱ्याने नोंदवली. कमिशन कुणाचं?

बहुतेक स्कीममध्ये सिस्टिमवर ज्याचं नाव, त्याचं. म्हणून मॅनेजर 'तात्पुरतं' म्हणून खातं दुसऱ्याच्या नावावर वळवतो तेव्हाच लिहून घ्या: 'कोटेशन क्रमांक अमुक, दिनांक अमुक, चर्चा पूर्ण, फक्त पीओ बाकी. खातं रजेपुरतं वर्ग करत आहोत.' तापातही हा ईमेल मोबाइलवरून पाच मिनिटांत होतो. तो नसेल, तर महिन्याभराने सहकारी आणि तुम्ही दोघंही प्रामाणिकपणे वेगवेगळं सांगता.

आजारपणाचे दिवस वगळून टार्गेट कमी करून मिळतं का?

आपोआप नाही. पण मागायलाच हवं, कारण स्लॅबच्या स्कीममध्ये फरक मोठा पडतो. तिमाही टार्गेट ₹९,००,०००. टार्गेटच्या ८० टक्क्यांवर १ टक्का कमिशन, १०० टक्के ओलांडल्यास सगळ्या विक्रीवर २ टक्के. तिमाहीत ७८ कामाचे दिवस, त्यांतले १३ सर्टिफिकेट असलेल्या आजारपणात गेले. विक्री झाली ₹७,६०,०००. पूर्ण टार्गेटवर हे ८४ टक्के होतं, कमिशन ₹७,६००. दिवसांच्या प्रमाणात टार्गेट ₹७,५०,००० केलं, तर १०१ टक्के आणि कमिशन ₹१५,२००. बरोबर दुप्पट.

नोकरीत नव्याने लागलेल्यांना पहिल्या तिमाहीत दिवसांच्या प्रमाणात टार्गेट देतात का, ते पत्रकात पाहा. देत असतील, तर तेच सूत्र मंजूर वैद्यकीय रजेला लावा अशी विनंती तर्काला धरून असते. ती तिमाही संपायच्या आत करा. आकडे बंद झाल्यावर कुणी हात लावत नाही.

रजेच्या दिवसांच्या पगारात सरासरी कमिशन धरतात का?

सहसा नाही. नेमणूकपत्रात किंवा युनियनच्या करारात लिहिलं असेल तरच.

नव्या कायद्यांत कमिशन पगारात मोडतं का?

चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. वेतन संहिता २०१९ मध्ये 'वेतन' म्हणजे मूळ पगार, महागाई भत्ता (डीए) आणि रिटेनिंग अलाउन्स (काम बंद असलेल्या काळात दिला जाणारा भत्ता). कमिशन वगळलेल्या गोष्टींच्या यादीत आहे. पण त्या यादीतल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरची रक्कम वेतनात धरली जाते.

मूळ पगार आणि डीए ₹१५,०००, घरभाडे भत्ता ₹३,०००, कमिशन ₹२४,००० धरा. एकूण ₹४२,०००, त्याचे निम्मे ₹२१,०००. वगळलेल्या रकमा ₹२७,०००, म्हणजे ₹६,००० जास्त. ते मिळवून वेतन ₹२१,००० ठरतं. मूळ पगार किरकोळ आणि कमाई सगळी कमिशनवर अशी रचना असलेल्यांना याचा फायदा होतो.

फुल अँड फायनल किती दिवसांत मिळायला हवं?

वेतन संहितेच्या कलम १७ नुसार राजीनामा दिलेल्यालाही वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. '४५ दिवसांनी करतो' ही कंपन्यांची सवय आहे, कायदा नाही. वसुलीवर अवलंबून असलेलं कमिशन मात्र पत्रकातल्या मुदतीप्रमाणेच देय होतं. म्हणून दोन वेगळ्या मागण्या करा: पगार आणि रजेचे पैसे आत्ता, कमिशन अमुक तारखेला. एकत्र मागितलं की कमिशनचा हिशेब व्हायचा आहे या सबबीखाली पगारही थांबवला जातो.

फायनलमधून कमिशन परत कापलं. असं करता येतं?

तीन कारणं असतात: ग्राहकाने रद्द केलेली ऑर्डर, बुडीत वसुली, किंवा कमिशनपोटी आधी घेतलेली उचल. उचल असेल तर ती वळती होणारच. रद्द ऑर्डरचं कमिशन परत घेण्याची अट पत्रकात हवी आणि कंपनीने बिल क्रमांकासह यादी द्यायला हवी. 'क्लॉबॅक ₹३१,०००' अशी एकच ओळ स्वीकारू नका. नुकसानीपोटी वजावट करण्याआधी कर्मचाऱ्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि कोणत्याही वेतन कालावधीतल्या एकूण कपाती वेतनाच्या ५० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाहीत.

नोटीस पेच्या वसुलीवर १८ टक्के जीएसटी लावला आहे.

काढायला लावा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने, क्रमांक १७८/१०/२०२२, अशा वसुलीवर जीएसटी नाही हे स्पष्ट केलं आहे.

मी एमआर (औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी) आहे. मला वेगळे नियम आहेत का?

आहेत, आणि ते आजारपणात तुमच्या बाजूचे आहेत. विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांच्या १९७६ च्या कायद्याने सेवेच्या एक-अठरांश काळाइतकी वैद्यकीय रजा निम्म्या वेतनावर आणि कामावर घालवलेल्या काळाच्या एक-अकरांश इतकी भरपगारी रजा ठरवून दिली. तीन वर्षं सेवा झाली असेल, तर ३६ महिन्यांचा एक-अठरांश म्हणजे दोन महिने निम्म्या वेतनावर. आधी वापरलेले दिवस त्यातून वजा करा.

आजारी रजेमुळे ग्रॅच्युइटीची पाच वर्षं तुटतात का?

नाही. आजारपणातली गैरहजेरी सलग सेवेत धरली जाते.

कंपनीच्या मेडिक्लेमचं काय?

तो बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी संपतो. ठरवून करायचं ऑपरेशन असेल, तर ते त्याआधी होईल असं पाहा आणि प्री-ऑथोरायझेशन म्हणजे विमा कंपनीची पूर्वमंजुरी आधी घ्या. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन करायचं असेल, तर अर्ज नोकरीत असतानाच द्या. आजार झाल्यावर नवी पॉलिसी काढणं फार कठीण जातं.

ईमेल बंद व्हायच्या आधी काय जपून ठेवू?

तुमचे स्वतःचे कागद: नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, स्कीमची पत्रकं तारखेसह, वर्षभराच्या पेस्लिप, पोर्टलवरच्या रजेच्या शिलकीचा स्क्रीनशॉट, रजेचे ईमेल. ग्राहकांची संपूर्ण यादी, किमती, कोटेशनच्या फाइली स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. गोपनीयतेचा भंग म्हणून कंपनीला आयतं हत्यार मिळतं आणि तुमची खरी मागणी बाजूला पडते.

त्याऐवजी शेवटच्या आठवड्यात एक तक्ता करून मॅनेजरला ईमेल करा आणि एचआरला सीसी ठेवा. स्तंभ एवढेच: ऑर्डर क्रमांक, तारीख, रक्कम, टप्पा, कमिशनचा दर, येणं असलेली रक्कम. खाली लिहा: 'यात काही दुरुस्ती असल्यास शेवटच्या दिवसाआधी कळवावी.' उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तरी तुमचा हिशेब वेळेत कळवल्याची नोंद झाली. या एका ईमेलची प्रत स्वतःकडे ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुरावा म्हणून वापरायचं असेल, तर मूळ फोन आणि चॅट जपा. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि फोन विकून टाकला की ते अवघड होतं.

'कोणतंही येणं बाकी नाही' यावर सही केल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर देत नाहीत.

सही करायची वेळ आलीच, तर सहीच्या वर हाताने लिहा: 'कमिशन रु. अमुक आणि रजेची कपात रु. अमुक याबाबतचा हक्क राखून'. लिहू दिलं नाही, तर त्याच दिवशी ईमेलने तेच कळवा. पुढच्या आठवड्यात पाठवलेल्या ईमेलला तेवढं वजन राहत नाही.

तक्रार कुठे करायची, आणि कधीपर्यंत?

आधी कंपनीला मुद्देसूद लेखी मागणी पाठवा आणि उत्तरासाठी १५ दिवस द्या. मग सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करा. पगार न देणं किंवा बेकायदा कपात यांसाठी वेतन संहितेच्या कलम ४५ खाली दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. प्राधिकारी मूळ रकमेशिवाय दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश देऊ शकतात. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते. वेतन संहिता मॅनेजर पदावरच्यांनाही लागू आहे, त्यामुळे 'तू वर्कर नाहीस' या उत्तराने मागे फिरू नका.

वाद निव्वळ कमिशनचा असेल, दर किंवा टप्पा याबद्दलचा, तर तो कराराचा वाद आहे. वकिलामार्फत नोटीस आणि नंतर दिवाणी दावा, त्यालाही मुदत तीन वर्षं. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत मदत मिळते. प्राथमिक चौकशीसाठी हेल्पलाइन १५१००.

ईएसआयचे पैसे अडले असतील, तर आधी तुमच्या शाखा कार्यालयात सगळ्या सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स घेऊन जा. बहुतेक वेळा अडकलेलं कारण छोटं असतं: बँक खात्याचा तपशील चुकलेला, नाहीतर कंपनीने त्या दिवसांची गैरहजेरी सिस्टिमवर दाखवलेलीच नसते.